सातखडी

आमच्या वर्गाचं नाव शून्य.
पहिलीच्या आधीची इयत्ता.
एकसष्ट मुलं, चार बाकं, बाकी जमीन.
देब्रे ब्रिहानची थंडी दारातून आत येते
आणि पोरांसारखीच दाटीवाटीनं पुढे बसते.

भिंतीवर अक्षरांचा तक्ता.
प्रत्येक अक्षराची सात रूपं :
कुणाच्या कुशीला काडी, कुणाच्या पायात कडी,
कुणाचा एक पाय आखूड.
यितबारेक सगळी सातखडी घडाघडा म्हणतो,
हा हू ही हा हे ह् हो पासून थेट तळापर्यंत,
थोरल्या भावाकडून ऐकून ऐकून.
पण मधल्याच एखाद्या अक्षरावर मी गवताची काडी टेकवली
की थबकतो, डोळे मिटतो,
आणि पुन्हा हा हू ही पासून निघतो.
आपलं घर सापडायला
त्याला दरवेळी वेशीपासून चालत यावं लागतं.

मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला,
मधोमध खिडकी कापली, तक्त्यावर धरली.
एकच अक्षर. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही.
यितबारेक गप्प.
पहिल्यांदाच खरंखुरं गप्प.
तिथून शिकवायला सुरुवात करता येते.

तपासनीस म्हणाले, वुबालेम बाई, ओळ मोडू नका,
ह पासून चला.
मी हो म्हटलं आणि ब पासून चालले.
कारण बेत म्हणजे घर.
ब दिसतोच दारासारखा,
उजव्या पायात कडी घातली की झाला बे,
शेजारी क्रूसासारखा त, डोक्याला मुरड असलेला.
पण ते नंतर. आधी कान.
"एमेबेतच्या नावात घर कुठे लपलंय?"
टाळ्या वाजवा. ए. मे. बेत.
"शेवटच्या टाळीत!"
एमेबेत लाजली. आणि दिवसभर
जपून चालली, आतलं घर सांडू नये तशी.

मग बोटं. चुलीच्या राखेत, टेफच्या कोंड्यात,
खिडकीच्या धुकटलेल्या काचेवर. दारं, दारं, दारं.
बरीचशी उलटी. एक तर चक्क शेळी होती.
मी काहीच पुसलं नाही.

मग मुलांना रस्ता वाचता येऊ लागला.
शाय बेत, चहाचं घर. बुना बेत, कॉफीचं घर.
ज्या फाटकातून रोज आत येतात
त्यावरही, गंजलेल्या पत्र्यावर, तिमहिर्त बेत :
शिकण्याचं घर.
"बाई, सगळ्यांनाच घर आहे!"
अर्धीच पाटी वाचत होते, शेवटचा शब्द फक्त.
पण वाचत होते.

सोमवारी यितबारेक धावत आला, नाक पुसायचंही विसरून.
काल तो आईबरोबर बाबांकडे गेला होता.
बाबा काम करतात तिथे खूप लांब भिंत आहे,
शिपाई डबा उघडून भाकरीत काठी खुपसतो,
आणि फाटकावर, बाई,
मी वाचलं! मी एकट्यानं! बेत!
"आई म्हणाली होती बाबा घरी नाहीत.
पण ते घरातच आहेत."

त्या फाटकावर दोन शब्द आहेत.
मला माहीत आहेत. गावात मोठ्या सगळ्यांना माहीत आहेत.
पहिला शब्द मा पासून सुरू होतो.
"त्याच्या आधी काय लिहिलंय, बाई?"

एकसष्ट तोंडं माझ्याकडे.
मी म्हटलं, छान वाचलंस.
खरंच छान वाचलं होतं त्यानं.

मागच्या ओळीतून एमेबेतचा हात वर :
"बाई, आज आईचं अक्षर शिकवा ना.
इमाये मधला मा."
कालच कबूल केलं होतं मी.
दोन वर्तुळं, चष्म्यासारखी, एकाला खाली पाय.
सोपं आहे. चार वर्षांच्या हातालाही जमतं.

पुठ्ठ्याची खिडकी मी सरकवत नेली,
ओळींवरून, सावकाश,
लागत होता त्याहून जास्त वेळ घेत.
यितबारेक सगळ्यांत पुढे येऊन बसला होता.